इंग्रजीतला चालू वर्तमानकाळ: ‘करतोय’चं ‘डूइंग’ कुठे होतं आणि कुठे होत नाही

प्रश्न असा आहे: मराठी माध्यमात शिक्षण झालं, ‘ॲम, इज, आर आणि क्रियापदाला आयएनजी’ हा नियम तोंडपाठ आहे, गाळलेल्या जागाही बरोबर भरता येतात. पण ऑफिसात बोलायची वेळ आली की कधी ‘आय गो’ निघतं, कधी ‘आय गोइंग’, आणि नको तिथे नेमकं ‘आय ॲम हॅविंग’. हा काळ वापरायला कसा शिकायचा?

नियम येत असूनही घोळ होतो, कारण घोळाचं मूळ मराठीत आहे. आपण सगळ्यांनीच मनात एक समीकरण मांडून ठेवलेलं असतं: ‘-तोय’ किंवा ‘-त आहे’ दिसलं की ‘-इंग’. ‘मी जेवतोय’, ‘आय ॲम ईटिंग’. ‘पोरं खेळतायत’, ‘द किड्स आर प्लेइंग’. इथवर गाडी सुरळीत चालते, आणि म्हणूनच समीकरणावर भलताच विश्वास बसतो. प्रत्यक्षात मराठीतली काही रूपं चालू काळासारखी दिसतात आणि इंग्रजीत साधा काळ मागतात. काही रूपं पूर्ण काळाची, चक्क भूतकाळाची असतात आणि इंग्रजीत चालू काळ मागतात. अशी ठिकाणं मोजकी आहेत. ती एकेक करून ओळखायची, हाच या काळाचा खरा अभ्यास.

त्याआधी रचनेबद्दल थोडं, कारण ‘आय गोइंग’ हा दोष वेगळ्या जातीचा आहे. मराठीत ‘जातो आहे’चं ‘जातोय’ होतं, ‘जाते आहे’चं ‘जातेय’, ‘जात आहेत’चं ‘जातायत’. शेवटचा तो ‘य’ म्हणजेच ‘आहे’, पण बोलताना तो वेगळा शब्द आहे असं आपल्याला जाणवतच नाही. मग इंग्रजीत बोलतानाही वेगळा शब्द घालायचं सुचत नाही आणि ‘ॲम-इज-आर’ गळतं. यावर ‘लक्ष ठेवा’ एवढं सांगून भागत नाही, बोलताना कोण लक्ष ठेवतो? उपाय असा की कर्ता आणि ‘आहे’ यांचा एकच शब्द करून टाकायचा. इंग्रजी माणूसही तेच करतो: आयम, युअर, हीज, शीज, इट्स, विअर, देअर. सातच आहेत. पाढ्यांसारखे म्हणा. ज्याला ‘ही गोइंग’ची सवय जडली आहे त्याने काही दिवस सुटा ‘ही’ उच्चारायचाच नाही, तोंडातून ‘हीज’च निघालं पाहिजे. मग ‘हीज गोइंग’, ‘हीज ईटिंग’ आपोआप पूर्ण होतं.

या जोडशब्दांना एक अपवाद आहे. छोट्या होकारात ते चालत नाहीत. ‘आर यू कमिंग?’ याचं उत्तर ‘येस, आय ॲम’, पूर्ण. ‘येस, आयम’ असं कुणीच म्हणत नाही. नकारात मात्र ‘नो, हीज नॉट’ आणि ‘नो, ही इझन्ट’ दोन्ही चालतात. फक्त ‘आय’ला दुसरा प्रकार नाही, तिथे ‘आयम नॉट’ एवढंच.

एका बाबतीत इंग्रजी आपल्यापेक्षा सोपी आहे. जातोय, जातेय, जातंय, जातोयस, जातायत ही सगळी कसरत तिथे नाही. क्रियापदाचं आयएनजी रूप कुणासाठीही बदलत नाही, बदलतं ते फक्त ‘ॲम-इज-आर’.

प्रश्न विचारताना मात्र पाय घसरतो. मराठीत ‘तू भाजी करतोयस’ या वाक्यात ‘काय’ खुपसलं की प्रश्न तयार, बाकी शब्द जागचे हलत नाहीत. म्हणून ‘व्हॉट यू आर डूइंग?’ असं निघतं. दोन पायऱ्यांनी जा. आधी हो-नाही उत्तराचा प्रश्न करा: ‘यू आर कुकिंग’चं ‘आर यू कुकिंग?’ मग त्याला न हलवता पुढे प्रश्नशब्द लावा: ‘व्हॉट आर यू कुकिंग?’ ही सवय लागली की उलटी चूक सुरू होते, तीही आत्ताच पाहून ठेवा. प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेला की क्रम पुन्हा सरळ होतो: ‘टेल मी व्हॉट यू आर कुकिंग’. आणि ‘कोण’ हाच कर्ता असेल तर उलटापालट काहीच नाही: ‘हू इज कुकिंग?’ ‘लग्नाला कोण कोण येतायत?’ यालाही ‘हू इज कमिंग?’च म्हणतात. पन्नास माणसं येणार असली तरी तिथे ‘आर’ येत नाही.

स्पेलिंगचं प्रकरण लहान आहे. शेवटी न उच्चारला जाणारा ई असेल तर तो काढायचा, जसं मेकचं मेकिंग. पण ‘सी’ आणि ‘अग्री’मध्ये शेवटी दोन ई असतात, ते दोन्ही राहतात. शेवटी आय-ई असेल तर त्याचा वाय होतो: लायचं लाइंग, टायचं टाइंग. रन, सिट, कट अशा छोट्या शब्दांत शेवटी एकच स्वर आणि एकच व्यंजन असेल तर व्यंजन दुप्पट होतं. डब्ल्यू, एक्स आणि वाय कधी दुप्पट होत नाहीत. मोठ्या शब्दांत आघात कुठे पडतो ते बघायचं: ‘बिगिन’मध्ये जोर शेवटी आहे म्हणून दोन एन, ‘ओपन’मध्ये सुरुवातीला आहे म्हणून एकच. ‘ट्रॅव्हल’ला ब्रिटिश दोन एल लिहितात आणि अमेरिकन एक. यापलीकडे डोकं शिणवू नका.

आता अर्थाकडे.

चालू काळ लावायचा की नाही हे ठरवताना एकच गोष्ट विचारा: मी सांगतोय ती क्रिया अर्ध्यावर आहे का? म्हणजे सुरू झाली, संपलेली नाही आणि कधीतरी संपणार आहे. मराठीत याची उत्तम चाचणी ‘सध्या’ हा शब्द. क्रियेच्या वाक्यात ‘सध्या’ चपखल बसत असेल तर बहुधा चालू काळ. ‘रोज’, ‘नेहमी’, ‘एरवी’ बसत असेल तर साधा. ‘मी सध्या मामाकडे राहतोय’ म्हणजे ‘आयम स्टेइंग विथ माय अंकल’. ‘मी नाशिकला राहतो’ म्हणजे ‘आय लिव्ह इन नाशिक’. क्रिया या क्षणाला चाललेली असलीच पाहिजे असं नाही. ‘सध्या मी जर्मन शिकतेय’ हे बसमध्ये बसूनही म्हणता येतं, इंग्रजीतही ‘आयम लर्निंग जर्मन’ तसंच चालतं. आत्ता वही उघडी असण्याची गरज नाही.

मुलाखतीत इथेच गफलत होते. ‘तुम्ही काय करता?’ म्हणजे ‘व्हॉट डू यू डू?’, आणि उत्तर ‘आय वर्क इन अ बँक’. आपल्याकडे सर्रास ‘आयम वर्किंग इन अ बँक’ म्हणतात. ते पूर्ण चूक नाही, पण ऐकणाऱ्याला वाटू शकतं की ही नोकरी तात्पुरती आहे, सोडायच्या बेतात आहात. ‘व्हॉट आर यू डूइंग?’ असं कुणी विचारलं तर तो बहुधा या घडीचं विचारतोय, म्हणजे हातात काय चाललंय.

आता पहिला मोठा सापळा, आणि हा फारसं कुणी शिकवत नाही. ‘मी चहा पीत नाही.’ यात ‘पीत’ आहे, म्हणजे वरवर चालू काळ. पण अर्थ सवयीचा आहे: चहा वर्ज्य. मराठीत ‘पितो’चा नकार ‘पीत नाही’ असा होतो आणि ‘पितोय’चा नकार ‘पीत नाहीये’. दोघांत फरक फक्त शेवटच्या ‘ये’चा. लिहिताना तर तोही बऱ्याचदा गळतो. म्हणून होकारात बरोबर बोलणारी माणसं नकारात फसतात. पाहुणा म्हणून गेलात, चहा नको असं सांगायचंय आणि ‘आयम नॉट ड्रिंकिंग टी’ म्हणालात, तर समोरच्याला कळतं की आत्ता या कपात चहा नाहीये. हवं होतं ते ‘आय डोन्ट ड्रिंक टी’. ‘ती मांसाहार करत नाही’ म्हणजे ‘शी डझन्ट ईट मीट’. ‘फोन लागत नाही’ हे नेहमीचं की आत्ताचं? आत्ताचं असेल तर मराठी माणूस ‘लागत नाहीये’ म्हणेल. तेव्हा नकारी वाक्य इंग्रजीत न्यायच्या आधी त्याचा मराठीत होकार करून बघा. ‘पितो’ झाला तर ‘डोन्ट’, ‘पितोय’ झाला तर ‘आयम नॉट’. एवढ्या एका युक्तीने खूप चुका थांबतात.

दुसरा सापळा ‘करत असतो’. मराठी व्याकरणात याला रीतिवर्तमानकाळ म्हणतात. ‘बाबा सकाळी फिरायला जात असतात.’ यात ‘जात’ही आहे आणि ‘असणे’ही आहे, पण इंग्रजीत साधा काळ: ‘माय फादर गोज फॉर अ वॉक इन द मॉर्निंग’. मात्र हेच रूप वैतागून वापरलं तर गोष्ट बदलते. ‘हा सारखा किल्ल्या विसरत असतो!’ इथे इंग्रजीही चालू काळावर येते: ‘हीज ऑलवेज फर्गेटिंग हिज कीज!’ ‘ऑलवेज’ आहे म्हणून साधा काळच हवा, असं जे शिकवलं जातं ते इथे लागू होत नाही. बोलणाऱ्याच्या कपाळावर आठी आहे की नाही, त्यावर ठरतं.

तिसरा ‘मला’चा. मला समजतंय, मला आठवतंय, मला दिसतंय, मला ऐकू येतंय, मला हवंय, मला आवडतंय, मला वाटतंय. रूपं सगळी चालू काळासारखी. इंग्रजीत मात्र आय अंडरस्टँड, आय रिमेम्बर, आय कॅन सी, आय कॅन हिअर यू, आय वॉन्ट, आय लाइक, आय थिंक. एकालाही ‘-इंग’ नाही. कारण मराठीच सांगतेय: ‘मी’ नाही, ‘मला’ आहे. आपण ही क्रिया करत नाही, ती आपल्या बाबतीत घडते. समजणं, आठवणं, हवं असणं यांना इंग्रजी अवस्था मानते, आणि अवस्था अर्ध्यावर नसते. म्हणून मराठी वाक्य ‘मला’ने सुरू झालं की ‘-इंग’ लावण्याआधी क्षणभर थांबा.

थांबा म्हटलं, लावूच नका असं नाही. ‘मला बरं वाटत नाहीये’ याला ‘आयम नॉट फीलिंग वेल’ आणि ‘आय डोन्ट फील वेल’ दोन्ही बरोबर. ‘मला उशीर होतोय’ याला आपण ‘आयम गेटिंग लेट’ म्हणतो. भारतात ते सगळ्यांना कळतं, पण बाहेरच्या माणसाशी बोलताना ‘आयम रनिंग लेट’ म्हणा. ‘इट्स गेटिंग लेट’ म्हणजे बरीच रात्र झाली, आता निघायला हवं. आणि ‘मला कंटाळा येतोय’चं ‘आयम बोरिंग’ करू नका. त्याचा अर्थ ‘मी कंटाळवाणा माणूस आहे’ असा होतो. तिथे ‘आयम बोर्ड’ किंवा ‘आयम गेटिंग बोर्ड’. ‘कन्फ्यूजिंग’ आणि ‘कन्फ्यूज्ड’ यांचंही तसंच आहे. गोंधळ घालणारा तो ‘-इंग’वाला, गोंधळलेला तो दुसरा.

मॅकडोनाल्ड्सचं 2003 सालापासूनचं ‘आयम लव्हिन इट’ हे घोषवाक्य पुढे करून अनेकजण विचारतात, मग हे कसं चालतं? चालतं, कारण तिथे ‘आवडतं’ असं सांगायचंच नाहीये, ‘आत्ता खाताना मजा येतेय’ असं सांगायचंय. बोलीभाषेत ‘लव्ह’ आणि ‘एंजॉय’ यांच्या मधली जागा अशी वापरतात. ‘नो’, ‘वॉन्ट’, ‘बिलॉन्ग’ यांना ती सवलत नाही. ‘आयम नोइंग हिम’ कुठेही चुकीचंच.

‘हॅव’चा गोंधळ याच कुळातला. ‘माझ्याकडे दोन गाड्या आहेत’, ‘मला एक बहीण आहे’: शेवटच्या ‘आहे’मुळे ‘आयम हॅविंग टू कार्स’ निघतं. मालकी, नातं, आजार, यातलं काहीही असेल तर ‘आय हॅव’. ‘मला ताप आहे’ म्हणजे ‘आय हॅव अ फीव्हर’. पण ‘हॅव’चा अर्थ खाणं, पिणं, अंघोळ करणं, वेळ घालवणं असा असेल तेव्हा ती क्रिया आहे: ‘वीआर हॅविंग लंच’, ‘शीज हॅविंग अ बाथ’. ‘थिंक’ही असाच दुहेरी. मत विचारायचं तर ‘व्हॉट डू यू थिंक?’, कुणी विचारात हरवलेलं दिसलं तर ‘व्हॉट आर यू थिंकिंग अबाउट?’ आणि ‘तो असा उर्मट नाही, आज का कोण जाणे उर्मटासारखा वागतोय’ हे सगळं लांबलचक वाक्य इंग्रजीत ‘हीज बीइंग रूड’ एवढ्यात मावतं. ‘ही इज रूड’ म्हणालात तर तो जन्माचा उर्मट.

आतापर्यंत मराठीत ‘-त’ आणि इंग्रजीत साधा काळ अशी उदाहरणं झाली. आता उलटी बाजू, आणि इथे जरा रेंगाळायला हवं. वर्गात चित्र दाखवून वर्णन करायला सांगितलं की हुशार मुलंही इथेच अडतात. चित्रात एक बाई बाकावर बसली आहे. तिने जांभळी साडी नेसली आहे, नाकात नथ घातली आहे, केसांत गजरा माळला आहे. हातात छत्री धरली आहे. शेजारी एक म्हातारा झाडाला टेकून उभा आहे. बाकाखाली कुत्रं झोपलंय. पिशवी जमिनीवर पडली आहे.

मराठीत यातलं एकही क्रियापद चालू काळात नाही. बसली आहे, नेसली आहे, धरली आहे, सगळी पूर्ण काळाची रूपं. म्हणून मुलं ‘शी हॅज सॅट’, ‘शी हॅज वोर्न’ लिहितात. इंग्रजीत हे अख्खं चित्र चालू काळात आहे: ‘शीज सिटिंग’, ‘शीज वेअरिंग अ पर्पल सारी’, ‘शीज होल्डिंग ॲन अंब्रेला’, ‘द ओल्ड मॅन इज लीनिंग अगेन्स्ट अ ट्री’, ‘द डॉग इज स्लीपिंग’, ‘द बॅग इज लाइंग ऑन द ग्राउंड’. मराठी बघते ते बदल पूर्ण झाला म्हणून: बसण्याची क्रिया संपली, आता ती बसलेली आहे. इंग्रजी बघते ती अवस्था अजून सुरू आहे म्हणून.

हे कुठे कुठे लागू होतं? अंगाची ठेवण, अंगावरच्या वस्तू, हातात धरलेल्या वस्तू, टांगलेल्या किंवा पडलेल्या वस्तू, आणि वाट बघणं. बसलाय, उभा आहे, आडवा पडलाय, गुडघ्यावर टेकलाय, वाकलाय. धरलंय, टांगलंय, ‘थांबलोय तुझ्यासाठी’. बाकी ठिकाणी नाही. ‘बस थांबलीय’ म्हणजे ‘द बस हॅज स्टॉप्ड’. ‘द बस इज स्टॉपिंग’ म्हणजे ती थांबतेय, चाकं अजून फिरतायत. ‘पाहुणे आलेत’ म्हणजे ‘द गेस्ट्स हॅव अराइव्ह्ड’.

कपड्यालत्त्यांत आपली भाषा श्रीमंत आहे: साडी नेसतात, शर्ट घालतात, टिकली लावतात, फेटा बांधतात, गजरा माळतात. इंग्रजीत बहुतेकांना एकच ‘वेअर’ पुरतं. पण तिथे वेगळाच फरक सांभाळावा लागतो. अंगावर आहे तेव्हा ‘वेअरिंग’, अंगावर चढवतोय तेव्हा ‘पुटिंग ऑन’. ‘तो बूट घालतोय’ म्हणजे ‘हीज पुटिंग ऑन हिज शूज’. ‘त्याने बूट घातलेत’ म्हणजे ‘हीज वेअरिंग शूज’. ‘झोपतोय’ आणि ‘झोपलाय’ यांतही असाच भेद: ‘हीज स्लीपिंग’ म्हणजे झोपलाय. अजून डोळा लागायचाय, नुसता अंथरुणावर पडतोय, तर ‘हीज गोइंग टु बेड’.

भूतकाळाची रूपं तर त्याहून फसवी. ‘कुठे चाललास?’ यातलं ‘चाललास’ दिसायला ‘गेलास’, ‘आलास’च्या रांगेतलं, पण विचारणारा रस्त्यात भेटलाय आणि आपण चालतोच आहोत: ‘व्हेअर आर यू गोइंग?’ उत्तर ‘बाजारात चाललो’, ‘आयम गोइंग टु द मार्केट’. खालून हाक आली आणि आपण ‘आलो आलो!’ म्हणतो. पाय अजून घरातच असतो. इंग्रजीत ‘आयम कमिंग!’ ‘निघालोच’ म्हणजे ‘आयम जस्ट लीव्हिंग’. निरोप घेताना ‘येतो हं’ म्हणायची आपली रीत आहे, ‘जातो’ म्हणणं अशुभ. त्याचं ‘आयम कमिंग’ केलंत तर समोरचा दाराकडे बघत बसेल. तिथे ‘आयम लीव्हिंग’ किंवा ‘आयम ऑफ’. फोनवर ‘मी सुरेश बोलतोय’ याला ‘धिस इज सुरेश’. तिथे बोलण्याचं क्रियापदच लागत नाही. कामाच्या ठिकाणी ‘सुरेश स्पीकिंग’ चालतं, पण ‘आयम सुरेश स्पीकिंग’ नाही.

मराठी आणि इंग्रजी जिथे हातात हात घालून चालतात अशीही एक जागा आहे: ठरलेला बेत. ‘मी उद्या डॉक्टरकडे जातोय’, ‘आयम सीइंग द डॉक्टर टुमॉरो’. वेळ घेतली आहे, तिकीट काढलंय, कुणाला तरी शब्द दिलाय, अशा गोष्टींना दोन्ही भाषा चालू काळ वापरतात. ‘उद्या पाऊस पडतोय’ असं मराठीत म्हणत नाही, ‘पडणार’ म्हणतो. इंग्रजीतही ‘इट्स गोइंग टु रेन’. ‘-णार’ आणि ‘गोइंग टु’ ही जोडी बऱ्यापैकी भरवशाची आहे. वेळापत्रक मात्र साध्या काळात जातं: ‘द डेक्कन क्वीन लीव्ज पुणे ॲट सेव्हन फिफ्टीन’. गाडीचं वेळापत्रक साध्या काळात, तुमचा बेत चालू काळात: ‘आयम टेकिंग द डेक्कन क्वीन टुमॉरो’. आणि बेल वाजल्यावर ‘थांब, मी उघडतो’ म्हणतो तेव्हा तो त्या क्षणी घेतलेला निर्णय. त्याला दोन्ही काळ चालत नाहीत, ‘आयल गेट इट’.

‘होत चाललंय’ हे रूपही कामाला येतं. अंधार पडत चाललाय, महागाई वाढत चाललीय, मुलगा उंच होत चाललाय: ‘इट्स गेटिंग डार्क’, ‘प्राइसेस आर राइजिंग’, ‘हीज गेटिंग टॉल’. इथे शंका घेऊच नका.

‘पासून’ मात्र मुळावर येतं. ‘मी दहा वर्षांपासून ठाण्यात राहतोय’ याचं ‘आयम लिव्हिंग इन ठाणे सिन्स टेन इयर्स’ हे भारतभर ऐकू येणारं वाक्य. यात दोन चुका आहेत. मागून सुरू होऊन आजपर्यंत आलेली गोष्ट इंग्रजी चालू वर्तमानात ठेवत नाही, तिथे ‘हॅव बीन’ लागतं. आणि आपलं ‘पासून’ कालावधीलाही लागतं, सुरुवातीच्या बिंदूलाही. इंग्रजीत कालावधी मोजायचा तर ‘फॉर’, बिंदू सांगायचा तर ‘सिन्स’. म्हणून ‘आय हॅव बीन लिव्हिंग इन ठाणे फॉर टेन इयर्स’ किंवा ‘सिन्स 2015’. वाक्यात ‘पासून’ किंवा ‘वर्षं झाली’ आलं की चालू वर्तमानकाळ बाजूला ठेवा.

‘काम चालू आहे’ या पाटीचंही बघू. ‘पुलाचं बांधकाम चालू आहे’ याचं ‘द ब्रिज इज बिल्डिंग’ करू नका, पूल स्वतः काही बांधत नाही. ‘द ब्रिज इज बीइंग बिल्ट’. गंमत म्हणजे अठराव्या शतकात इंग्रज स्वतः ‘द हाउस इज बिल्डिंग’ असंच म्हणत, आणि ‘इज बीइंग बिल्ट’ हे नवं रूप एकोणिसाव्या शतकातल्या शुद्धतावाद्यांना खटकत होतं. पंखा, दिवा, टीव्ही चालू असेल तर क्रियापदच नको: ‘द फॅन इज ऑन’.

एक बारकावा क्रिकेट बघणाऱ्यांसाठी. सामना डोळ्यांसमोर चालू असतो, तरी समालोचक ‘ही कम्स इन, बोल्स, अँड ही ड्राइव्ज’ असं साध्या काळात बोलतो. क्रिया क्षणात सुरू होऊन क्षणात संपते, अर्ध्यावर सापडतच नाही. आपणही ‘धावत येतो, टाकतो’ म्हणतो. तोच समालोचक मध्येच ‘इट्स ड्रिझलिंग’ किंवा ‘द क्राउड इज गेटिंग रेस्टलेस’ म्हणतो, कारण ते मागे चालूच आहे. पदार्थ करून दाखवणारेही पायऱ्या साध्या काळात सांगतात.

सराव कसा करायचा? गाळलेल्या जागा भरून हा काळ येत नाही, कारण तिथे कोणता काळ हवा ते आधीच ठरलेलं असतं. पहिला आठवडा फक्त सात जोडशब्दांचा. रोज पाच मिनिटं खिडकीत उभं राहून दहा वाक्यं मोठ्याने म्हणायची, ‘हीज’, ‘शीज’, ‘देअर’ने सुरू होणारी. मग फोनवर दोन मिनिटं रेकॉर्ड करा आणि ऐकताना फक्त एक गोष्ट मोजा: ‘ॲम-इज-आर’ किती वेळा गळलं. बाकी चुका असू द्या. सगळं एकदम सुधारायला गेलं की काहीच सुधारत नाही. आकडा शून्यावर आला की पुढे.

दुसऱ्या आठवड्यात जोड्या. एकाच क्रियापदाची दोन वाक्यं, एक ‘रोज’चं आणि एक ‘सध्या’चं: ‘आय टेक द बस’, ‘धिस वीक आयम टेकिंग द ट्रेन’. लगेच दोघांचे नकार करा, कारण खरी परीक्षा ‘पीत नाही’ आणि ‘पीत नाहीये’ यांतच आहे. रोज पाच जोड्या पुरेत.

तिसऱ्या आठवड्यापासून उलटं भाषांतर, आणि सगळ्यात जास्त वेळ यालाच द्या. इंग्रजी बातम्या, मालिका, ऑफिसातल्या ईमेल, जिथे ‘-इंग’वालं वाक्य दिसेल ते उचला आणि आपल्या घरी बोलतात तशा मराठीत म्हणा. शब्दाला शब्द नको, आजी म्हणेल तसं. ‘शीज वेटिंग फॉर यू’ म्हणजे ‘ती तुझ्यासाठी थांबलीय’. ‘वीआर लीव्हिंग’ म्हणजे ‘निघतोय’ किंवा ‘निघालो’. ‘वाय आर यू स्टँडिंग?’ म्हणजे ‘उभा का?’, तिथे मराठीत क्रियापदही उरत नाही. वहीत दोन रकाने करा. एका बाजूला इंग्रजी वाक्य, दुसऱ्या बाजूला तुमच्या तोंडून सहज निघालेलं मराठी. जिथे मराठीत ‘-तोय’ आलं ती ओळ खोडून टाका, ती तुम्हाला येतेच. न खोडलेल्या ओळी रविवारी उलट्या दिशेने म्हणायच्या: मराठी वाचून इंग्रजी, वही झाकून.